जॉबरकाकींचे कार्ड

आमच्या चारकोपच्या सोसायटीत दर गुरुवारी भजन होत असे आणि त्या भजनात सर्वांत खणखणीत आवाज जॉबरकाकींचा असे. परंतु 'सीताराम' हे नाम आले की तो आवाज एकाएकी थांबे. हातातला टाळ चालू राही, मान डोलत राही, ओठ मात्र घट्ट मिटलेले. पुढे 'राधेश्याम' आले की आवाज पुन्हा उसळून वर येई. नव्या माणसाला वाटे, यांना खोकल्याची उबळ आली असावी. आम्हा जुन्या रहिवाशांना कारण ठाऊक होते. काकींच्या यजमानांचे नाव सीताराम होते आणि पतीचे नाव तोंडाने घ्यायचे नाही हा नेम काकींनी लग्नापासून पाळला होता. देवाचे झाले तरी नाव अखेर तेच!

मी एकदा त्यांना म्हणालो होतो, "काकी, ते तर प्रभूचे नाम. ते घेण्यात संकोच कसला?"

"देवाक कळता मास्तर, मी कित्याक गप रवतंय ता. तो रागावूचो नाय. पण नाव घेऊन ह्यांचा आयुष्य कमी झाला, तर ता कोण भरून देतलो?"

मी बोरिवलीच्या एका शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवले. गुरूचे नाव, ज्येष्ठ अपत्याचे नाव सहज उच्चारू नये असे आपल्या शास्त्रातही सांगितले आहे, हे मी जाणून होतो. पण ग्रंथात वाचलेला नियम आणि भरल्या भजनात, टाळांच्या गजरात, अचूक त्या एका शब्दापाशी पाळलेले मौन यांत अंतर आहे. काकींच्या त्या मौनापुढे मी मनोमन हात जोडीत असे.

त्यांचे यजमान एके काळी गिरणीत जॉबर होते, म्हणजे कामगारांच्या एका गटाचे मुकादम. गिरणी बंद पडून एक पिढी लोटली, तरी हुद्दा नावाला चिकटून राहिला आणि त्यांची पत्नी जॉबरकाकी झाली. वयाने त्या माझ्याहून लहान. तरी सगळे म्हणत म्हणून मीही काकीच म्हणे. मालवणकडची त्यांची बोली मुंबईच्या पाण्याने पुष्कळ पातळ झाली होती, पण तिची चव गेली नव्हती.

आमची दारे समोरासमोर होती. सकाळी माझी संध्या आटोपण्याच्या सुमारास समोरच्या दारात एक ठरलेला प्रसंग घडे. जॉबर अंघोळ करून, सदरा घालून खुर्चीत बसत. काकी समोर उभ्या राहून दिवसाच्या गरजा सांगत. "तेल संपला. मेथी व्हयी. आणि बांगडे गावले तर बांगडे." जॉबर सदऱ्याच्या खिशातून नोटा काढून देत. हात सैल होता त्यांचा. मागितल्याहून थोडे अधिकच देत. 'नाही' हा शब्द मी त्या दारातून कधी ऐकला नाही. पण मागण्यावाचून गेलेली सकाळही मी पाहिली नाही.

स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा काकींच्या नावाने बँकेत बचत खाते उघडले गेले. नाव काकींचे, सही काकींची, मरणोत्तर वारस म्हणून नोंद जॉबरांची. पुढे खात्यासोबत डेबिट कार्ड आले. ते पोस्टमनच्या हातून थेट जॉबरांच्या सदऱ्याच्या खिशात गेले आणि तिथेच राहिले. यंत्रातून पैसे काढणे, दुकानात कार्ड देणे, गुप्त आकडा लक्षात ठेवणे, सारे तेच करीत. काकी अभिमानाने सांगत, "आमच्या ह्यांका मशीन चालवूक येता हां! गिरणीतली मशीना चालवली, ह्या काय मोठा?" ज्या कार्डाविषयी त्या बोलत ते त्यांचे स्वतःचे आहे, हे त्यांच्या ध्यानातही नसावे.

जॉबर गेले ते अगदी शांतपणे, दुपारच्या झोपेत. तेराव्यानंतर त्यांचे कपडे आवरताना सदऱ्याच्या खिशात ते कार्ड सापडले. त्या वेळी मी आणि माझी पत्नी तिथेच बसलो होतो. काकींचा मुलगा दीपक आणि सून रश्मी कांजूरमार्गला राहत. तेही आलेले होते. रश्मीने कार्ड हातात घेऊन वाचले आणि म्हणाली, "आई, यावर तुमचं नाव आहे."

"माझा? बघू." काकींनी त्या उठावदार इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवले. "खय असा माझा नाव? हयसून सुरू होता?"

"हो. इथून इथपर्यंत."

काकी बराच वेळ ते बोट फिरवीत राहिल्या. त्यांचे नाव आजवर फक्त शिधापत्रिकेवर आणि मतदार यादीत आले असेल, आणि तिथेही कुणाची तरी पत्नी म्हणून.

दीपक मुलगा भला. आईची काळजी करणारा. तो म्हणाला, "आई, ते माझ्याकडे दे. बाबांच्या पेन्शनचा तुझा हिस्सा आता याच खात्यात येणार. मी दर महिन्याला काढून आणून देत जाईन ना. आजकाल किती फ्रॉड चाललेत, माहितीये? तू कशाला टेन्शन घेतेस?"

"रवांदे माझ्याकडे."

"अगं, पण तुला पिन कुठे माहितीये? बाबांनी कुणालाच सांगितलेला नाही."

"शिकतंय मी."

दीपकने माझ्याकडे पाहिले, मग हसला. "बरं. एक महिना ठेव. जमलं तर तुझं, नाही जमलं तर गपचूप माझ्याकडे द्यायचं. चालेल?"

"चलात," काकी म्हणाल्या आणि कार्ड कमरेच्या बटव्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. "मास्तर, माका ह्या चालवूक शिकवा." मी त्यांना आत बसवले. शिकवण्याआधी शिष्याचा हेतू समजून घ्यावा, ही माझी जुनी सवय. मी म्हणालो, "काकी, दीपक मनापासून म्हणतो आहे. तो तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. मग हा खटाटोप कशासाठी?"

त्यांनी बटव्यातून कार्ड काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "ह्यांनी कधी नाय म्हटला नाय हो मास्तर. देवमाणूस. पण मागूक लागायचा. आता झिलाकडे, दीपकाकडे, मागूचा? रोज विचार करूचो, आज काय सांगून मागू? नको झाला माका ता."



गुप्त आकड्याचे महत्त्व त्यांना कसे पटवावे, याचा मी विचार केला आणि मला परिचित तोच दृष्टान्त दिला. म्हणालो, "गुरूने दिलेला मंत्र जसा कुणाला सांगायचा नसतो, तसा हा आकडा. मनात ठेवायचा. ओठही हलता कामा नयेत. मुलाला नाही, शेजाऱ्याला नाही, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही."

"तुमकाव नाय?"

"मलाही नाही."

"तर मगे तुमी शिकवतल्यात कसा?"

माझी पत्नी आतून मोठ्याने हसली. मीही हसलो. खरोखर, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी वर्गात क्वचितच भेटतो.

नवा आकडा ठरवण्यासाठी आधी बँकेला फोन करून खातेदाराची ओळख पटवावी लागणार होती. कार्डाच्या पाठीमागे छापलेला क्रमांक काकींच्याच साध्या फोनवरून लावला आणि आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. आवाजात कामाची घाई, पण उद्धटपणा नव्हता. जन्मतारीख विचारली, काकींनी सांगितली. आईचे नाव विचारले, तेही सांगितले. मग ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या खात्याला नॉमिनी कोण आहे? नाव सांगा."

मी हलक्या आवाजात समजावले, "वारस म्हणून कुणाचे नाव लावले होते, ते विचारते आहे."

काकींनी पदर सावरला. "दीपकचे बाबा," त्या म्हणाल्या.

"नाव सांगा मॅडम."

"आमचे हे गो. वारले ते."

"सॉरी मॅडम. पण सिस्टिममध्ये जे नाव आहे ते तुम्हाला सांगावं लागेल."

"बाय, तू असा कर. रामाच्या बायलेचा नाव आधी घे, आणि मगे रामाचा..."

"मॅडम, असं मी नाही घेऊ शकत. तुम्हीच बोलायला पाहिजे."

काकींनी विनवणीने माझ्याकडे पाहिले. "मास्तर, तुमी सांगा ना तिका."

ते ऐकून ती मुलगी लगेच म्हणाली, "दुसऱ्या कुणी सांगून चालणार नाही मॅडम." काकींनी एकदा तोंड उघडले. ओठ 'सी'च्या आकारात आले आणि तिथेच थांबले. भजनात थांबत तसेच. मुलीने दोनदा "हॅलो" म्हटले आणि ओळख पटली नाही असे सांगून फोन बंद केला.

ही हकीकत दीपकला कळली. तो फोनवर आईला म्हणाला, "आई, काय हे! नाव घेतल्याने काय होतंय? आणि नसेल घ्यायचं तर नको घेऊस, पण मग हट्ट सोड. रविवारी येतो, कार्ड घेऊन जातो." त्याच्या बोलण्यात कडूपणा नव्हता. पण काकी फोन ठेवून आमच्या घरी आल्या त्या अगदी खचलेल्या. रविवार जवळ आला होता.

माझी पत्नी त्यांच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "काकी, लग्नात घेतलंच असेल की नाव! उखाण्यात घ्या."

"उखाणो?" काकी दचकल्या. "वैनी, उखाणो सवाशिणीन घेवचो. माका आता कोण विचारता?" आणि त्या प्रथमच, इतक्या दिवसांत प्रथमच, माझ्या देखत रडल्या. थोड्या वेळाने पदराने डोळे पुसून माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमी शास्त्र वाचलास. मागे रवलेल्या बायलेन नाव घेतला, तर चलता?"

 असे प्रश्न घाईने सोडवायचे नसतात. मला कुठल्याही ग्रंथातले वचन आठवले नाही आणि ओढूनताणून आठवावे असेही वाटले नाही. मी म्हणालो, "काकी, तुम्ही ते नाव कशासाठी राखले होते?"

"ह्यांका आयुष्य मिळाव म्हणान."

"ते त्यांनी पुरे भोगले. सुखाने भोगले. आता त्या नावाला धक्का लागेल असे काही उरलेले नाही. ज्या भीतीने तुम्ही ते झाकून ठेवलेत ती भीती संपली. माया तेवढी राहिली आहे. आणि मायेने घेतलेले नाव कुणाचे असो, देवाचे की माणसाचे, ते अशुभ कसे असेल?"

त्या उठल्या. समोरच्या घरी गेल्या. अर्ध्या तासाने परतल्या त्या तोंड धुऊन, स्वच्छ पातळ नेसून. "लावा फोन," म्हणाल्या.

या खेपेस दुसरीच मुलगी होती. पुन्हा जन्मतारीख, पुन्हा आईचे नाव. "आणि नॉमिनीचं नाव, मॅडम?"

काकी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घेतला. एका हातात फोन, म्हणून दुसराच हात छातीशी नेला, आणि भजनातल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"गिरणीचा झाला भोंगा, चुलीवर शिजला भात,
सीतारामरावांचं नाव घेते, फोन धरून हातात!"

 मग मुलगी गोंधळून म्हणाली, "मॅडम... खूप छान होतं. पण कॉल रेकॉर्ड होतोय. फक्त नाव, एकदा क्लिअर सांगाल का, प्लीज?"

"परत? अगो, एकदाच घेवचो असता तो!"

"उखाणा नको मॅडम. नुसतं नाव."

माझ्या पत्नीने माझा हात धरला. काकी खिडकीकडे वळल्या. बाहेर कुणी मोटरसायकल पुसत होते, भाजीवाला ओरडत होता. आम्हाला पाठमोऱ्या काकींनी, यमक नाही, टाळ नाही, 'राव' नाही, असे ते नाव घेतले. "सीताराम." आणि थोडे थांबून, कुणीही विचारले नसताना, पुन्हा एकदा. "सीताराम."

"थँक यू मॅडम, ओळख पटली," मुलगी म्हणाली.

मी पुष्कळ कीर्तने ऐकली, नामसप्ताहांना बसलो. परंतु नामाचा उच्चार म्हणजे काय, ते मला त्या दुपारी माझ्याच दिवाणखान्यात कळले असे मी मानतो.

पुढचे काम सोपे होते. फोनवर आलेला तात्पुरता आकडा यंत्रात घालून स्वतःचा आकडा ठरवायचा. कोपऱ्यावरच्या एटीएमशी आम्ही गेलो, तेव्हा काकींनी पायरीपाशी चपला काढल्या. रखवालदार हसून म्हणाला, "माताजी, ये मंदिर थोड़ी है!"

"रवांदे रे बाबा," काकी म्हणाल्या. "पैशे दिता ना? मगे लक्ष्मीच ती." मी दार लोटून आत शिरू लागलो, तर त्यांनी मला अडवले. "मास्तर, तुमी भायर." आपलेच शिकवणे आपल्याला लागू झाले की फार बरे वाटते. मी बाहेर त्यांच्या चपलांची राखण करीत उभा राहिलो. काचेतून दिसत होते, की त्या पडद्यावरची एकेक ओळ बोटाने तपासत आहेत. आतून एकदा "आई गे!" असे ऐकू आले, मग बराच वेळ काहीच नाही. पाठीमागे रांग जमली. एक तरुण पुटपुटला, "काय यार, झोपली का आजी?" आणि तेवढ्यात काकी बाहेर आल्या. हातात एक नोट, चेहऱ्यावर घाम आणि अशी प्रभा, की तो तरुणही बाजूला झाला.

संध्याकाळी त्या आमच्या दारात आल्या; हसू दाबत. "मास्तर, तुमच्यासमोर सांगूचा नाय, तुमी शाकाहारी. पण तिसरे आणलंय. शिंपले हो, खाडीतले. माका लय आवडतत. ह्यांका बांगडो आवडायचो, म्हणान मी कायम बांगड्याचेच पैशे मागलंय." आणि मग जरा गंभीर होऊन, "आज कोणाक सांगूचा पडला नाय, कित्याक व्हये ता."

रविवारी दीपक आला. काकींनी त्याला मशीनने दिलेली पावती दाखवली. तो डोके खाजवीत म्हणाला, "मानलं आई तुला. ठेव बाबा तुझं कार्ड." त्याने खिलाडूपणे पराभव स्वीकारला, हे त्याच्या श्रेयाचे. तरी पुढे काही दिवस त्याला काळजी होतीच. एकदा काकींना खरोखरच लबाडाचा फोन आला; कार्ड बंद होणार आहे, आकडा सांगा. मी समोर बसलो होतो. काकी शांतपणे म्हणाल्या, "अरे, शिकवणाऱ्या मास्तरांकाव मी सांगूक नाय, तुका सांगतलंय? आवशीक विचार जा तुझ्या!" दीपकला ही गोष्ट कळल्यावर त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

काकी फार खर्च करीत असे मुळीच नाही. उलट त्यांचे राहणे होते तसेच राहिले. महिन्यातून एकदा यंत्राशी जात, वाण्याकडे कार्ड देत, आणि वाणी ते यंत्रात घालीपर्यंत त्यावरून नजर हलवीत नसत. पण त्यांच्या चालण्यात फरक पडला. पूर्वी त्या बाजारात जात तेव्हा निरोप पोचवायला निघालेल्या माणसासारख्या भरभर जात. आता थांबत, भाव विचारत, न घेता पुढे जात, पुन्हा मागे येत. एखाद्या दिवशी काहीच न घेता परतत आणि त्याचेही त्यांना कौतुक असे. "आज मन झाला नाय," असे म्हणत. मन होणे आणि न होणे, ही दोन्ही सुखे त्यांना उशिरा लाभली होती.

एकदा सणाला दीपक आणि रश्मी आलेले असताना सगळे मिळून बाजारात गेले. परतल्यावर काकी एकट्याच आमच्याकडे आल्या. मग म्हणाल्या, "रश्मीन साडी घेतली. पैशे देवची वेळ इली, तर ती दीपकाक म्हणता, माझं कार्ड द्या ना. तिचा कार्ड, तिचो पगार, आणि दीपकाच्या पाकिटात!"

"तिची संमती असेल," मी म्हणालो.

"मी विचारलंय तिका. म्हणाली, अहो आई, हेच बघतात सगळं, मला कुठे वेळ असतो? हसान म्हणाली." काकींनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. "मीव अशीच हसायचंय."

त्यावर त्या सुनेशी किंवा मुलाशी काही बोलल्या असतील असे मला वाटत नाही. तो त्यांचा स्वभाव नव्हता. मनात धरलेली गोष्ट त्या बोलण्याने नव्हे, करण्याने पुरी करीत.

पुढे त्यांचे हृदय दुबळे झाले आणि एकटीने राहू नये असे डॉक्टरांनी सांगितले. दीपकने त्यांना कांजूरमार्गला न्यायचे ठरवले. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "मास्तर, बँकेत येशात? ह्यांच्या जागी दुसरा नाव लावूचा हा." आम्ही शाखेत गेलो. टेबलामागचा कारकून समजूतदार होता. त्याने आपणहूनच विचारले, "मुलाचं नाव लावायचं ना, आजी?"

"नाय. सुनेचा."

त्याने लेखणी थांबवली. "मुलगा आहे ना तुम्हाला?"

"हा ना. चांगलो हा. बायलेचा कार्डय तोच संभाळता, ह्या मी बघलंय."

कारकुनाला अर्थ लागला नसावा, पण त्याने रश्मीचे नाव लिहिले आणि काकींनी सही केली. रिक्षात बसल्यावर मी म्हणालो, "दीपकला कळेल तेव्हा वाईट वाटेल."

"वाटात," काकी म्हणाल्या. "घर त्याका दिलंय, दागिने नातीक, त्याच्या चेडवाक, दिलंय. ह्या एवढा, मास्तर, असा कोणाकडे तरी जावचा व्हया, ज्याका स्वतःचा म्हणान कधी गावूक नाय." मग त्या म्हणाल्या, "तिका सांगू नकात. सांगितला तर ती आधी त्याका विचारतली."

निरोपाच्या दिवशी त्या आमच्या देवघरापुढे आल्या, नमस्कार केला आणि माझ्या पत्नीला मिठी मारून निघाल्या. मला त्या कधी वाकून नमस्कार करीत नसत, कारण मी त्यांना काकी म्हणत असे. त्या दिवशी केला. मी संकोचलो. "मास्तर म्हणान नाय," त्या म्हणाल्या. "भायर उभे रवलात, म्हणान."

वर्ष पुरे होण्याच्या आत त्या गेल्या. आम्ही कांजूरमार्गला जाऊन आलो. दीपकला बँकेतल्या नोंदीविषयी तोवर कळले होते. मला बाजूला नेऊन तो म्हणाला, "सर, पैशाचं काही नाही हो. आहेत तरी किती! पण आईने माझं नाव का नाही ठेवलं? मी काय कमी केलं?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने काही कमी केले नव्हते, हेच त्याला समजावणे कठीण होते. मी एवढेच म्हणालो, "तुझ्यावर रोष नव्हता, बाबा. रश्मीविषयी आईची काही इच्छा होती." त्याने मान डोलावली, पटले म्हणून नव्हे, वडीलधाऱ्याचा मान म्हणून.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका दुपारी रश्मी आमच्या दारात उभी राहिली, एकटी. काकींचे खाते चारकोपच्या शाखेत होते आणि रक्कम घेण्यासाठी वारसाला स्वतःच यावे लागते. माझ्या पत्नीने तिला आत घेतले, चहा टाकला. रश्मीने पर्स मांडीवर घट्ट धरली होती.

"झालं का काम?" पत्नीने विचारले.

"झालं, काकू. बँकेत विचारलं, पैसे कुठल्या खात्यात टाकू? मी ह्यांना फोन लावणार होते. नंबर काढला आणि..." ती थांबली. "मग म्हटलं, आईंनी माझं नाव लावताना मला विचारलं होतं का? मी तिथेच नवीन खातं उघडलं. एकटीच्या नावावर. पगारही आता त्यातच घेणार आहे."

माझ्या पत्नीने तिच्यापुढे कप ठेवला. इतक्यात रश्मीचा फोन वाजला. तिने नाव पाहिले, क्षणभर डोळे मिटले आणि फोन घेतला.

"हां, बोला... हो, मिळाले... नाही, आपल्या त्या खात्यात नाही टाकले. नवीन काढलंय, माझं... नाही हो, कुणी सांगितलं नाही. मीच... विचारलं नाही, बरोबर. आता सांगतेय ना." मग ती बराच वेळ ऐकत राहिली. पलीकडचा आवाज चढला नव्हता. हळूहळू प्रश्न विचारीत होता. ती एकदा "हं" म्हणाली, एकदा "माहितीये मला, तुम्ही कधीच नाही म्हणाला नाहीत." शेवटी, "बरं, घरी आल्यावर बोलू," असे म्हणून तिने फोन पालथा ठेवला. 

"रागावला का गं?" पत्नीने विचारले.

"नाही. विचारत होते, कार्ड घरी कधी येणार, ते घेऊन ठेवतील म्हणाले." तिने कप उचलला, एक घोट घेतला. "मी पत्ता ऑफिसचा दिलाय."